ब्रिटनी : जिथे जमीन संपते



फ्रान्स म्हटले की आपण लगेच पॅरिस आणि आयफेल टॉवर सांगतो. मी मात्र फ्रान्सच्या दुसऱ्याच भागाची माहिती देणार आहे. नकाशात फ्रान्सच्या पश्चिमेला पाहा. एक भाग अटलांटिक महासागरात नाकासारखा पुढे आलेला दिसेल. तोच ब्रिटनी. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. अगदी टोकाच्या जिल्ह्याचे नाव फिनिस्तेर. त्याचा अर्थच ‘जमिनीचा शेवट’ असा होतो.

ब्रिटनीत कार्नाक नावाचे गाव आहे. तिथे तीन हजारांहून जास्त उंच दगड ओळीने उभे आहेत, जणू प्रार्थनेला उभी राहिलेली शाळाच! सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी माणसांनी ते उभे केले. गावची जुनी माणसे गोष्ट सांगत, की एका संताच्या मागे लागलेले रोमन सैनिक इथे दगड झाले. पण दगड रोमन लोकांच्याही हजारो वर्षे आधीचे आहेत. २०२५ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

सां-मालो या बंदराजवळ मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात १२-१३ मीटरचा फरक पडतो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. या पाण्याचा उपयोग करायचा म्हणून रान्स नदीच्या मुखावर धरण बांधले आणि १९६६ साली वीजकेंद्र सुरू केले. त्यात २४ जनित्रे आहेत. भरतीच्या पाण्यावर चालणारे जगातले हे पहिले मोठे वीजकेंद्र.

आता खाण्याचे बघू. तिथली जमीन हलकी, म्हणून गरीब लोक गव्हाऐवजी कुट्टू पेरीत. कुट्टूचे पीठ भिजवून मोठ्या गोल तव्यावर पातळ पसरतात. त्याला गालेत म्हणतात. आपले घावनच म्हणा ना! त्यावर अंडे, चीज घालतात आणि खारे लोणी तर हवेच. मीठ येते गेराँद गावच्या मिठागरांतून. भरतीचे पाणी चिकणमातीच्या वाफ्यांत घेतात, ऊन-वारा ते आटवतो आणि माणसे लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढतात. अजूनही हे काम हातानेच चालते.

समुद्र पोट भरतो, पण कधी संकटही येते. १६ मार्च १९७८ रोजी ‘अमोको कादिझ’ हे तेलवाहू जहाज पोर्साल गावाजवळ खडकावर फुटले. दोन लाख टनांहून जास्त तेल समुद्रात गेले. पक्षी, मासे, कालवे मेली. लोकांनी बादल्या-फावडी घेऊन किनारा साफ केला. गावांनी एकत्र येऊन अमेरिकेच्या कोर्टात दावा लावला आणि १९९२ साली भरपाई मिळवली.

सगळ्यात मला विचार करायला लावले ते त्यांच्या भाषेने. ब्रिटनीची स्वतःची ब्रेटन भाषा आहे. तिच्यात पावाला ‘बारा’ म्हणतात, समुद्राला ‘मोर’! पूर्वी शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी जोडा किंवा तसलेच काही अडकवीत. दुसरा कुणी बोलताना सापडला की ते त्याच्या गळ्यात. मग मुले लाजायला लागली, पुढे आईबापच मुलांशी फ्रेंच बोलू लागले. १९५० च्या सुमारास दहा लाखांवर लोक ब्रेटन बोलत. २०२४ च्या पाहणीत जेमतेम १ लाख ७ हजार उरले, आणि त्यांतले बरेचसे म्हातारे.

पण लोक गप्प बसले नाहीत. १९७७ साली त्यांनी ब्रेटन माध्यमाची ‘दिवान’ शाळा काढली. दिवान म्हणजे अंकुर फुटणे. आज अशा बऱ्याच शाळा आहेत.

मित्रांनो, दगड सहा हजार वर्षे टिकले, पण भाषा दोन पिढ्यांत आटली. दगडाला बोलावे लागत नाही, भाषेला लागते. म्हणून आपल्या घरची बोली कुणी वर्गात बोलला तर त्याला हसू नका. आणि पालकांना विनंती, की आजी-आजोबांचे शब्द आम्हाला सांगा. आम्ही ते वहीत लिहून ठेवू.

सांगा पाहू :
१) फिनिस्तेर म्हणजे काय?
२) रान्सचे वीजकेंद्र कशावर चालते?
३) तुमच्या आजीचा असा कोणता शब्द आहे, जो पुस्तकात नाही?