दीड एकराची शाळा

सती नदीकाठी वसलेले कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. सभोवार मोहाची, सागाची व ऐनाची झाडी. झाडी विरळ होते तेथे धानाच्या बांध्या लागतात. पावसाळ्यात या बांध्या तुडुंब भरल्या म्हणजे जणू आभाळच भूमीवर उतरल्यासारखे दिसते.

तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून मनुष्य अशा गावी परततो. घड्याळाच्या काट्याने बांधलेला दिवस एकाएकी मोकळा होतो. मग वडिलोपार्जित जमिनीची आठवण होते. ही ओढ स्तुत्यच होय. परंतु विहीर, कुंपण आणि यंत्रे यांत जन्माची पुंजी एकाच वर्षात घालणारा बहुधा पस्तावतो. निवृत्तिवेतनातून शेत पोसणे ही शेती नव्हे. शेताने आपला खर्च आपण भागवावा आणि मातीचा कस घटू नये, हीच टिकाऊ शेतीची कसोटी आहे.

म्हणून पहिले वर्ष पाहण्याचे व शिकण्याचे. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोणता धुरा फुटतो, हे पावसात उभे राहूनच कळते. शेजारचा अनुभवी शेतकरी हा या शाळेतील गुरू. तो सांगतो, की बोडीतील गाळ काढला म्हणजे दोन कामे होतात : पाणी अधिक साठते आणि गाळ बांधीत घातल्याने जमीन सुधारते. धुऱ्यावर तूर लावावी, म्हणजे रिकामी जागा वाया जात नाही. धान कापणीस येण्यापूर्वी त्याच ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकावा; वेगळी नांगरट लागत नाही. कडधान्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीस देतात. गोठ्यातील शेण व झाडांचा पालापाचोळा कुजवून खत करावे. परसात भाजीपाला लावावा. अशा रीतीने एका पिकाचा उरलेला भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

थोड्या जमिनीत काय होणार, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर वैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात मिळते. तेथील दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले, आणि जमीन अवघी दीड एकर. 1983 साली आपल्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या इतर धानात मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढील हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड चालू ठेवली. त्यातून बारीक दाण्याचे, चविष्ट भाताचे वाण निर्माण झाले. त्या काळी प्रसिद्ध असलेल्या मनगटी घड्याळावरून त्यास 'एचएमटी' हे नाव पडले. पुढेही त्यांनी अनेक वाणे निवडली. 2005 साली त्यांचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला. वाण दूरदूरच्या शेतांत पोहोचले; दादाजींच्या पदरी मात्र द्रव्य फारसे पडले नाही. 3 जून 2018 रोजी त्यांचे निधन झाले.

जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला मनुष्य उतारवयात बांधीच्या चिखलात उभा राहतो, तेव्हा तो पुन्हा विद्यार्थी होतो. तिसरी शिकलेला शेतकरी ज्या शाळेत गुरू झाला, त्या शाळेत पदव्यांचा मान नाही. डोळे उघडे ठेवणाराचा आहे. मोठे शेत मिळणे दैवाधीन असेल. परंतु लहान शेत नीट पाहणे हे प्रत्येकाच्या हाती आहे.

शब्दार्थ : बांधी – धानाचे बांध घातलेले शेत; धुरा – शेताचा बांध; बोडी – लहान तळे; नत्र – पिकांस पोषक असे एक द्रव्य.

स्वाध्याय :
1. टिकाऊ शेतीची कसोटी कोणती?
2. बोडीतील गाळ काढल्याने कोणती दोन कामे होतात?
3. दादाजींनी निराळ्या लोंब्यांचे काय केले? त्यावरून त्यांचे कोणते गुण दिसतात?
4. आपल्या गावातील एका अनुभवी शेतकऱ्यास भेटून त्याच्याकडून शिकलेली एक गोष्ट लिहा.