सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होईना

मारुती ८००, झेन, वॅगन-आर, सँट्रो, इकॉन. सांगलीजवळच्या माधवनगर, बुधगाव, कवलापूर या पट्ट्यात एमएच १०ची पाटी लावलेल्या अशा जुन्या पेट्रोल गाड्या अजून रोजच्या कामाला आहेत. एप्रिल २००० मध्ये देशभर प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्ब्युरेटरची जागा एमपीएफआयने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पेट्रोल इंजेक्शनने, घेतली. म्हणजे त्यातल्या पहिल्या गाड्यांनी आता पंचविशी गाठली. तेलपाणी वेळेवर झालं असेल तर इंजिन तितकं थकलेलं नसतं. थकतात त्या वायरी, रिले, सेन्सर आणि टाकीतला पंप. मग एके दिवशी चावी मारल्यावर सेल्फ जोरात फिरतो, इंजिन गरगरतं आणि पेट काही घेत नाही.

या दुखण्याचं बिल २० रुपयांच्या फ्यूजपासून १५ हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकतं. मोठं बिल दर वेळी मोठ्या बिघाडामुळे होतं असं नाही. न बिघडलेले भाग एकामागून एक बदलले जातात, त्यानेही ते फुगतं. ‘पंप टाकून बघू, नाही झालं तर सेन्सर बदलू’ असं मिस्त्री म्हणाला की तिथेच थांबवावं. तपासणीचे ४००-५०० रुपये कुरकुर न करता द्यावेत, अंदाजाने बदललेल्या पार्टचे देऊ नयेत. पुढचे सगळे आकडे छोट्या पेट्रोल गाड्यांसाठीचे आणि ढोबळ आहेत. मॉडेल आणि पार्टची कंपनी यांनुसार ते वर-खाली होतील. डिझेलचं गणित वेगळं, ते इथे नाही.

मिस्त्रीला फोन करण्याआधी

आधी नीट ऐका. चावी ‘ऑन’ला आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा. तो टाकीतल्या पेट्रोल पंपाचा. रस्त्यावरच्या ट्रकच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, म्हणून काचा वर करा आणि घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगून स्वतः टाकीजवळ कान लावा. त्याच वेळी मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का ते पाहा. चावी ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे. अजिबात लागत नसेल तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, करंटच पोचत नाही असा संशय घ्यावा आणि फ्यूज व मेन रिलेपासून सुरुवात करावी.

फ्यूजपेटीच्या झाकणावर आतून नकाशा असतो. त्यात एफआय किंवा इंजिन असं लिहिलेला फ्यूज काढून उजेडात धरा. रिलेसाठी एक फुकटची युक्ती आहे. हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा असेल तर दोन्हींची अदलाबदल करून बघा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न बंद पडला, तर दोष सापडला. नवा रिले साधारण १५० ते ५०० रुपयांत मिळतो. त्या काळच्या होंडा सिटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेन रिलेच्या आतले सोल्डरचे टाके काळाने तडकतात. उन्हात उभी केलेली गाडी दुपारी सुरू होत नाही आणि संध्याकाळी गार झाली की काहीच झालं नव्हतं अशी सुरू होते. अशा वेळी पंप बदलण्याचा सल्ला मिळतो. टाके पुन्हा मारून घ्यायला मात्र २००-३०० रुपये लागतात.

फोर्ड इकॉन आणि फियाट पॅलिओसारख्या गाड्यांत पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच असतो. अपघातात पंप बंद पडावा म्हणून तो बसवलेला असतो, पण खड्ड्यातल्या जोरदार दणक्यानेही उडू शकतो. त्याचं बटण परत दाबायचं, खर्च शून्य. जागा गाडीच्या पुस्तकात सापडते.

बॅटरीकडे दुर्लक्ष होतं, कारण सेल्फ फिरतोय ना! पण म्हातारी बॅटरी सेल्फ कसाबसा फिरवते आणि त्या क्षणी व्होल्टेज इतकं खाली जातं की ईसीयू गप्प बसतो. चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. ३०० रुपयांच्या साध्या मल्टिमीटरने हे घरी कळतं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून इंजिनाने लगेच पेट घेतला तर आणखी शोधाशोध नको. नवी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी जुनी परत देऊन साडेतीन ते पाच हजारांत येते. त्याआधी टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर घासून घ्या.

वारंवार सेल्फ मारून प्लग पेट्रोलने भिजले असतील आणि वास येत असेल, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर कोरडे होतात. याउलट अॅक्सिलरेटर जरासा दाबल्यावरच गाडी सुरू होत असेल, तर आयडलचा व्हॉल्व्ह कार्बनने चिकटलाय. तो साफ करण्याची मजुरी ३००-६०० रुपये. एक ताकीदही देतो. पेट न घेणारी गाडी ढकलून सुरू करायचा हट्ट धरू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. तो भाग महाग असतो.

पेट्रोल, करंट की टायमिंग

इतकं करूनही इंजिन मुकं असेल तर मिस्त्रीला बोलवा. घरी येऊन बघण्याचे ३०० ते ५०० घेतले तर ते वाजवी आहेत. चांगला माणूस आधी हवेच्या पाइपात थोडा क्लीनर स्प्रे मारून सेल्फ देतो. इंजिन क्षणभर खोकलं आणि बंद पडलं, तर करंट आहे, पेट्रोल पोचत नाही. काहीच हाललं नाही, तर ठिणगी किंवा टायमिंगकडे वळायचं. हा स्प्रे ज्वालाग्राही असतो, म्हणून ही चाचणी घरी करू नका. एवढ्या एका चाचणीने निम्मं काम होतं आणि ती न करता कुणी थेट टाकी उतरवायला निघाला तर दुसरा मिस्त्री शोधा.

पेट्रोलची बाजू ठरली, तर पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का हे आधी बघायचं. येत नसतील तर दोष वायर, रिले किंवा ईसीयूकडे आहे आणि नवा पंपही गप्पच बसेल. व्होल्ट येतात पण पंप हलत नाही, तर टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलका ठोका मारतात. कधी कधी थकलेला पंप तेवढ्याने जागा होतो. हा उपाय नव्हे, निदान आहे, गाडी गॅरेजपर्यंत न्यायला पुरेल एवढंच. पंप आवाज करतो पण दाब कमी, असंही होतं. या गाड्यांना साधारण तीन बारच्या आसपास दाब लागतो आणि तो गेज लावूनच कळतो. फक्त मोटर बदलली तर एक ते दोन हजार रुपये, कंपनीची पूर्ण असेंब्ली घेतली तर चार ते आठ हजार. मजुरी ५०० ते १,५०० रुपये. काही गाड्यांत मागची सीट उचलली की पंपाचं झाकण दिसतं, काहींत टाकीच उतरवावी लागते, म्हणून एवढा फरक पडतो. टाकी जवळपास भरलेली असेल तर पेट्रोल काढण्याचीही मेहनत असते. फिल्टर सोबतच बदला, २५० ते ७०० रुपये.

हे पंप अवेळी का जातात, याचं एक उत्तर आपल्याकडच्या सवयीत आहे. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेल्या गाडीत पेट्रोल नावापुरतं ठेवायचं आणि महिनोन्‌महिने गॅसवर पळवायचं, हे सर्रास चालतं. मग गॅस संपल्यावर पेट्रोलवर टाकली की पंप अडकलेला असतो. किट असेल तर मिस्त्रीला ते आधीच सांगा. इंजेक्टर तोडणारी किटची वायरिंग हाही संशयित असतो. शिवाय आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि ते ओलावा धरतं. गाडी तीन-चार महिने न हलवता ठेवली असेल तर जुनं पेट्रोल काढून थोडं ताजं घालून बघणं सगळ्यात स्वस्त पडतं. जुन्या रबरी नळ्याही चाचपून बघा, तडा दिसला तर लगेच बदला.

करंटची बाजू असेल तर चार प्लगांचा संच ५०० ते १,००० रुपयांत येतो. कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरचे भाग एक ते तीन हजार. ठिणगी बघायला प्लगची वायर हातात धरून लटकवू नका. बसणारा झटका वेगळाच, त्यात कॉइल आणि ईसीयूही जळू शकतो. प्लग बॉडीला टेकवून किंवा टेस्टर लावून बघायची.

पण सगळ्यात फसवा भाग क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे ईसीयूला तोच सांगतो. तो गप्प झाला की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही, त्यामुळे मिस्त्री दोन्हीकडे धावत बसतो. तापल्यावर बंद पडणारी, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी गाडी असेल तर याचं नाव आधी घ्या. आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत सेल्फ मारताना तो काटा किंचितही हलला नाही, तर संशय बळावतो. सेन्सर ६०० ते २,५०० रुपयांत मिळतो. इथे लोकल माल नको. उष्णतेनेच मरणारा भाग स्वस्तात घेतला तर तो पुन्हा उष्णतेनेच मरतो.

सेल्फचा आवाजच बदलला असेल, म्हणजे नेहमीच्या धापा न टाकता इंजिन सुसाट एकसुरी फिरत असेल, तर सेल्फ मारणं ताबडतोब बंद करा. टायमिंग बेल्ट तुटल्याचं ते लक्षण आहे. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. बेल्ट आणि टेन्शनर मजुरीसह अडीच ते पाच हजारांत होतात. व्हॉल्व्ह वाकले तर हेड उतरवावं लागतं आणि बिल दहा हजारांच्या पुढे जातं.

आणि उंदीर. शेताला लागून किंवा गोदामाच्या भिंतीशी उभ्या केलेल्या गाडीत वायरी कुरतडलेल्या निघतात. बॉनेट उघडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरी डोळ्यांनी बघायला पैसे पडत नाहीत. जोडकाम ३०० रुपयांपासून सुरू होतं, पूर्ण हार्नेस बदलायची गरज फार क्वचित पडते.

कॉम्प्युटर लावून काय कळतं

‘स्कॅनर लावला, काहीच आलं नाही’ हे जुन्या गाडीत नेहमीचंच. ओबीडी-२ ही सामाईक पद्धत आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीशी ५००-८०० रुपयांचं ब्लूटूथ यंत्र बोलेलच असं नाही. काही जुन्या मारुतींत तपासणीच्या कनेक्टरमध्ये वायरचा तुकडा जोडला की इंजिनाचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. ते मोजता येणारा अनुभवी मिस्त्री महागड्या स्कॅनरवाल्यापेक्षा उपयोगी पडतो. स्कॅनिंगचे ३०० ते ८०० रुपये दिले तर कोडचा फोटो मागून घ्या. आणि कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं समजू नका. तुटलेल्या वायरीनेही तोच कोड येतो.

ईसीयू गेला, हे सगळ्यात शेवटी ऐकायचं वाक्य. दुरुस्ती तीन ते सहा हजार, जुन्या बाजारातला ईसीयू साधारण तेवढ्यालाच. पण चावीत चिप असलेल्या गाडीत दुसरा ईसीयू नुसता टोचून चालत नाही, चावीशी जुळवावा लागतो. मीटरमधला चावीचा दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी वापरून बघा. पुराचं पाणी शिरलेली गाडी असेल तर मात्र ईसीयूचा संशय खरा ठरण्याची शक्यता मोठी. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत सेकंडहँड गाडी घेताना डॅशबोर्डखालची वायरिंग बघून घ्यावी असं मी म्हणतो, ते याच कारणाने.

पार्ट, बिल आणि मर्यादा

सांगली-मिरजेत न मिळालेला पार्ट कोल्हापुरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत मिळू शकतो. भावाची तुलना करताना २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे हे ध्यानात असू द्या. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. गाडी टो करायला माधवनगरहून सांगलीपर्यंत हजार-दीड हजार मागतील. अंतर इतकं कमी आहे की मिस्त्रीलाच घरी आणणं परवडतं.

काम सुरू करण्याआधी कमाल आकडा ठरवा आणि त्यापुढे न विचारता जाऊ नये असं व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा. काढलेला जुना पार्ट परत मागा. पार्टचं आणि मजुरीचं बिल वेगळं घ्या, त्यावर गॅरंटीची मुदत लिहून घ्या. बिल असेल तर तक्रारीला आधार राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.

शेवटचा हिशेब आरटीओचा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. कारसाठी ही फी ५,००० रुपये होती. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांपुढच्या कारला ती १०,००० झाली. हरित कर आणि फिटनेससाठी लागणारी डागडुजी वेगळी. विशीला टेकलेली वॅगन-आर असेल आणि नूतनीकरण सहा महिन्यांवर आलं असेल, तर दोन हजारांचा सेन्सर जरूर बदला. पण हेड किंवा पूर्ण हार्नेसचं बारा-पंधरा हजारांचं काम नोंदणी वाढवायची की नाही हे ठरल्यावरच हातात घ्या.