शब्दाची लांबी आणि अक्षरांचा निर्बंध : मोरोपंतांच्या निरोष्ठरामायणाच्या निमित्ताने

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव ह्या नावाचे रुग्णालय आहे. विल्यम फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने बांधलेला तेथील वाडा पुढे बायजाबाई शिंदे ह्यांचे बंधू हिंदूराव घाटगे ह्यांच्याकडे आला, १८५७ च्या वेढ्यात तो इंग्रज फौजेचे ठाणे झाला, आणि एका मराठी सरदाराचे नाव ह्या परिसराला कायमचे चिकटले. इतिहासाचा हा भाग परिचित आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. ‘हिंदूराव’ हा शब्द किती लांबीचा?

प्रश्न साधा, पण त्याची उत्तरे अनेक आहेत. देवनागरी लेखनात अक्षरे चार : हिं, दू, रा, व. वर्ण मोजले, तर अनुस्वार धरून नऊ. मात्रा मोजल्या, तर सात. रोजच्या बोलण्यात अंत्य अकार लोपतो, तेव्हा उच्चाराचे खंड केवळ तीन राहतात. पद्यपठनात तो अकार परत येतो व पुन्हा चार होतात. रोमन लिपीत आज ह्या नावाला आठ चिन्हे लागतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखक ‘दू’मधील ऊकारासाठी दोन चिन्हे योजीत, तेव्हा ती नऊ होती. नाव तेच, उच्चार तोच, परंतु लांबी मात्र लेखनाच्या रिवाजानुसार बदलली.

इंग्रजी शब्दखेळांचा सारा व्यवहार ह्या चिन्हगणनेवर उभा आहे. ठरावीक लांबीचा आणि ठरावीक चिन्हे असलेला शब्द शोधणे, हे त्यांचे मूळ सूत्र. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन ह्यांचे शब्दकोडे छापले गेले, तेव्हापासून हा छंद जगभर पसरला, २०२१ नंतर लोकप्रिय झालेला पाच चिन्हांच्या शब्दाचा ‘वर्डल’ हा त्याचाच अलीकडचा अवतार होय. मराठीने शब्दकोडे स्वीकारले, पण त्याचे एकक बदलून. मराठी कोड्याच्या एका घरात ‘हिं’ हे संपूर्ण अक्षर बसते. ह, इकार आणि अनुस्वार ह्यांना तीन घरे कोणी देत नाही. भेंड्यांतही पुढचा श्लोक अंत्य अक्षरावरून सुरू होतो. हा बदल कोणी आज्ञा करून घडविलेला नव्हे. भाषिकांच्या मनातील शब्दाची मोजपट्टीच तशी आहे.

ही मोजपट्टी काव्यात कसे काम करते, ह्याचे मराठीतील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे मोरोपंत (१७२९–१७९४). पन्हाळ्यास जन्मलेल्या आणि बारामतीस आयुष्य घालविलेल्या ह्या कवीच्या नावावर परंपरा १०८ रामायणे मांडते. त्यांपैकी अनेकांत कथा तीच असून बंधन निराळे आहे. मंत्ररामायणात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ह्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे गुंफलेली आहेत. ही तेरा अक्षरे देवनागरीतच तेरा भरतात ; रोमन लिपीत ‘जय’ला तीन चिन्हे द्यावयाची की चार, येथूनच मतभेद सुरू होईल. ह्याच्या दुसऱ्या टोकास निरोष्ठरामायण आहे. तेथे ओठांचा उपयोग करावा लागणारे वर्ण वर्ज्य.

ह्या दुसऱ्या बंधनाची परंपरा संस्कृत आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात स्वर, स्थान आणि वर्ण ह्यांच्या नियमांचा विचार केला आहे. ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे निवेदन ओष्ठ्य वर्णांवाचून होते, कारण त्याचे ओठ प्रणयदंशाने दुखावलेले आहेत. म्हणजे नियमाचे कारण लिपीत नव्हे, देहात आहे. येथेच पाश्चात्य वर्णत्यागाशी त्याचा भेद स्पष्ट होतो. जॉर्ज पेरेक ह्या फ्रेंच लेखकाने १९६९ साली प्रकाशित केलेल्या ‘ला दिस्पारिस्यों’ ह्या कादंबरीत ‘ई’ हे रोमन चिन्ह एकदाही वापरले नाही. ते चिन्ह फ्रेंचमध्ये कधी एका तऱ्हेने उच्चारले जाते, कधी दुसऱ्या तऱ्हेने, कधी मुळीच नाही. त्याग चिन्हाचा आहे, ध्वनीचा नाही. तो पडताळावयाचा तर डोळ्यांनी. निरोष्ठ काव्य मात्र ऐकणारा कानांनी आणि म्हणणारा स्वतःच्या ओठांनी पडताळून पाहू शकतो.

नियम काटेकोर धरला, तर प, फ, ब, भ, म आणि उ, ऊ हे तर जातातच. कंठोष्ठ्य ओ, औ आणि दंतोष्ठ्य व हेही जातात. आता रामकथा डोळ्यांपुढे आणावी. पहिलाच आघात असा की ‘राम’ हे नाव उच्चारता येत नाही. ‘राघव’ व-काराने अडते, ‘रघुनाथ’ उ-काराने, ‘सीतापति’ प-काराने. लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न, हनुमान, सुग्रीव, वाली, बिभीषण आणि रावण हे सारे बाहेर राहतात. ‘कौसल्या’ बाहेर, पण ‘कैकेयी’ आत. ‘अयोध्या’ बाहेर, पण ‘लंका’ आत. सीता, जानकी, जनक, दशरथ, अहल्या, ताटका, अंगद आणि इंद्रजित ह्यांना प्रवेश आहे. रामाला दाशरथि, सीताकांत किंवा दशाननारि म्हणता येईल, हनुमंताला अंजनीतनय. म्हणजे नायक स्वतःच्या नावाने नव्हे, तर पिता, पत्नी आणि शत्रू ह्यांच्या नात्याने ओळखावा लागतो. हा केवळ शब्दांचा फेरफार नाही. चरित्राकडे पाहण्याची दिशाच त्याने बदलते.

दुसरा परिणाम मराठी व्याकरणाचा आहे, आणि तो अधिक खोल जातो. मी, तू, आम्ही, तुम्ही, आपण, तसेच माझा, तुझा, मज, तुज : प्रथम व द्वितीय पुरुषाची ही सर्वनामे ओठांवाचून निघत नाहीत. ‘तो’ आणि ‘जो’ ओकारामुळे जातात. ‘ती’, ‘ते’, ‘हा’, ‘ही’, ‘हे’ राहतात. ‘व’, ‘पण’, ‘परंतु’, ‘म्हणून’ जातात, ‘आणि’ राहते. ‘करून’ जाते, ‘केला’ आणि ‘करील’ राहतात. ह्याचा अर्थ असा की निरोष्ठ मराठीत घडलेले व घडणारे सांगता येते, परंतु दोन माणसांनी एकमेकांस ‘मी’ आणि ‘तू’ म्हणता येत नाही. रामकथा तर प्रतिज्ञा, विनवणी आणि निरोप ह्यांनी भरलेली. अशा कथेतील संवाद सर्वनामांवाचून सांभाळणे, ही कवीच्या भाषाप्रभुत्वाची खरी कसोटी होय.

पेरेकच्या कादंबरीतही असेच काही घडते. त्या एका चिन्हाबरोबर पिता आणि माता ह्यांचे फ्रेंच शब्द जातात, आणि लेखकाचे स्वतःचे आडनावही. त्याचे वडील १९४० मध्ये युद्धात मारले गेले आणि आईला १९४३ मध्ये आउश्वित्सला नेण्यात आले, हे लक्षात घेता ती अनुपस्थिती खेळ राहत नाही. मोरोपंतांच्या दोन रामायणांना एकत्र ठेवले तर ह्याच प्रश्नाची भक्तीच्या क्षेत्रातील बाजू दिसते. एकात नामाची अक्षरे काव्याच्या वस्त्रात विणलेली आहेत. दुसऱ्यात ते नाम उच्चारण्यास ओठच बंद आहेत, आणि तरीही कथा त्याचीच आहे. दोन्ही रचना एकाच कवीच्या असल्यामुळे त्यांना परस्परांची टीका म्हणून वाचणे योग्य ठरेल.

मम्मटाने चित्रकाव्याला काव्याच्या श्रेणीत शेवटचे स्थान दिले, आणि आधुनिक समीक्षेनेही अशा रचनांकडे बहुधा कसरत म्हणूनच पाहिले. ध्वनिसिद्धांताच्या दृष्टीने त्या निर्णयाला आधार आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला ह्या रचना असे काही दाखवितात जे इतर काव्य दाखवीत नाही : एक ध्वनिस्थान काढून घेतले असता भाषेचे काय उरते. तुलनाकाराने मात्र एक दक्षता घ्यावी. पाश्चात्य चिन्हत्याग आणि निरोष्ठ रचना ह्यांना एकाच संज्ञेखाली घातले, तर दोहोंतील मोजपट्टीचा भेदच नाहीसा होतो.

हा भेद आज नव्या रूपाने समोर आला आहे. संगणकीय युनिकोड संकेतप्रणालीत देवनागरीची स्वरचिन्हे व अनुस्वार ह्यांना स्वतंत्र संकेत असतात. त्यामुळे ‘हिंदूराव’ हा शब्द संकेत मोजणाऱ्या यंत्रास आठ लांबीचा वाटतो, मराठी वाचकास चार अक्षरांचा. रोमन लिपीतील आजची संख्याही आठच, हा निव्वळ योगायोग. मराठी पद्याची छंदोगणना यंत्राकडे सोपवावयाची असेल, तर त्यास प्रथम अक्षर म्हणजे काय हे शिकवावे लागेल. आणि निरोष्ठ रचना ओळखावयाची असेल, तर ओठ म्हणजे काय हेही.