शब्दार्थ तक्त्यातच मिळेल का?

प्रश्न : द्राक्षबागेच्या जुन्या सातबाऱ्यांतील व फेरफारांतील शब्दांची यादी मी एक्सेलमध्ये केली आहे. शेजारच्या रकान्यात अर्थ आपोआप यावा, असे करता येईल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : येईल, मात्र एक्सेलपाशी स्वतःचा मराठी कोश नसल्यामुळे तो प्रथम आपणच सिद्ध केला पाहिजे, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत जी सामग्री उपलब्ध आहे, ती पाहता हे काम कष्टाचे असले तरी अशक्य नाही. निराळ्या पानावर पहिल्या रकान्यात शब्द व दुसऱ्यात अर्थ मांडावा (‘पोटखराबा : सर्व्हे नंबरातील लागवडीस निरुपयोगी क्षेत्र’), आणि मूळ पानावर व्हीलुकअपचे सूत्र लिहून त्याच्या अखेरीस ‘फॉल्स’ अवश्य घालावे, कारण ते गाळल्यास एक्सेल जवळपासचाच शब्द ग्राह्य धरून भलता अर्थ बिनदिक्कत देते, आणि दस्तऐवजात चुकीचा अर्थ हा अर्थ न मिळण्याहून घातक असतो.

खरी अडचण देवनागरीची आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून व दुसऱ्याने र पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहिला, तर डोळ्यांस एकच दिसणारे हे शब्द संगणकाच्या दफ्तरी दोन असतात. म्हणून सर्व नोंदी एकाच कळफलकाने कराव्यात. ‘इनामाची’ हे रूपही ‘इनाम’ या नोंदीशी जुळणार नाही, सबब प्रत्यय वगळलेल्या मूळ शब्दाचा स्वतंत्र रकाना ठेवावा. सूत्रास इफएरर जोडल्यास न सापडलेल्या शब्दापुढे ‘तपासावे’ असा शेरा उमटेल. तेवढेच शब्द गावातील जाणत्या माणसास दाखवावेत.