तळघरांतील न्हाणीघर व त्याची घरगुती दुरुस्ती

घर बांधतांना जी वस्तु भिंतीआड किंवा फरशीखालीं जाते ती बिघडेपर्यंत कोणाच्याहि ध्यानांत राहत नाहीं. पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या ह्या अशाच वस्तु होत. या लेखांत आम्ही जुन्या घराच्या तळघरांतील न्हाणीघराचा विचार करणार आहों, व उदाहरणासाठीं अमेरिकेंतील शिकागो शहर घेणार आहों. तेथें तळघरें असलेलीं जुनीं घरें पुष्कळ आहेत, आणि तेथें वसलेलीं मराठी कुटुंबेंहि थोडीं नाहींत. शिवाय त्या देशांत नळकारागिराची मजुरी इतकी भारी असते कीं, घरधनी पुष्कळदां स्वतःच पाना हातीं धरतो. तसें करण्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र नळीला हात लावण्यापूर्वीं पाणी कोठून येतें, कोठें जातें आणि कोठें थांबून राहतें हें समजलें पाहिजे. या सर्व प्रकरणांत थांबून राहणारें पाणीच सर्वांत महत्त्वाचें, असें आमचें मत आहे.

शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या कांठीं अगदीं सपाट व दलदलीच्या जमिनीवर वसलें. जमीन सरोवराच्या पातळीहून थोडीच उंच. त्यामुळें गटारें खोल घातलीं तर पाणी वाहून जाण्यास उतारच मिळेना. इ. स. १८५५ मध्यें एलिस चेस्ब्रो या इंजिनियरानें अशी योजना मांडली कीं, गटारें पृष्ठभागाजवळच घालावीं व त्यांवर भर घालून रस्तेच उंच करावे. मग इमारतीहि उंच करणें प्राप्त झालें. १८६१ सालीं ट्रेमाँट हाउस नांवाचें विटांचें मोठें हॉटेल खालीं स्क्रू लावून वर उचलण्यांत आलें! परंतु लहान घरें प्रत्येकानें कोठून उचलावीं? पिल्सेनसारख्या जुन्या वस्तींत अजूनहि कांहीं घरांचीं अंगणें रस्त्याहून खालीं दिसतात. एके काळचा खालचा मजला तेथें तळघर होऊन बसला आहे. अशा ठिकाणीं न्हाणीघर केलें म्हणजे त्याची मोरी व रस्त्यांतील गटार यांच्या पातळींत फारसा फरक राहत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आतां थांबून राहणाऱ्या पाण्याकडे वळूं. हात धुण्याच्या बेसिनखालीं पाहिलें तर नळी सरळ खालीं न जातां एकदां वांकून वर येते व मग भिंतींत शिरते असें दिसेल. या वांकास ट्रॅप म्हणतात. जमिनींतील मोरीखालींहि असाच ट्रॅप असतो, व आपल्या देशांतील कारागीर त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी अशी इंजिनियरांच्या बोलींत जाऊन बसली आहे. वांकांत सुमारें दोन इंच खोलीचें पाणी सदा उभें असतें. गटारांतील दुर्गंधी वायु त्या पाण्याला अडतो व खोलींत येत नाहीं. शौचकूपाला ही वांकडी नळी जोडण्याचें पेटंट १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग या घड्याळ्यानें घेतलें. अडीच शतकें झालीं, तरी घर आणि गटार यांच्यामधील पहारेकरी तेंच दोन इंच पाणी आहे.

हा पहारेकरी मरतो कसा? बहुधा वाळून. तळघरांतील न्हाणीघर पाहुणा आला तरच वापरण्यांत येतें; हिवाळ्यांत घर तापविल्यानें हवा कोरडी होते; महिन्या-दोन महिन्यांत मोरींतील पाणी उडून जातें व वास येऊं लागतो. लोक उदबत्ती लावतात, अत्तर शिंपडतात. उपाय एवढाच कीं, मोरींत एक तांब्या पाणी ओतावें. मोरी पुष्कळ दिवस वापरांत येणार नसेल तर त्यावर चमचाभर खाण्याचें तेल सोडावें. तेलाचा थर पाण्यास उडूं देत नाहीं. हें क्षुल्लक वाटेल, पण क्षुल्लक नाहीं. इ. स. २००३ च्या मार्च महिन्यांत हाँगकाँगमधील आमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतींत सार्स नांवाच्या रोगानें तीनशेंहून अधिक रहिवासी आजारी पडले. चौकशींत असें दिसून आलें कीं, अनेक घरांतून न्हाणीची जमीन पाण्यानें धुण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसीत असत. त्यामुळें मोरीचे ट्रॅप कोरडे पडले होते. न्हाणीघरांतील हवा बाहेर टाकणारा पंखा लावला कीं, मैल्याच्या नळांतील रोगबीजयुक्त तुषार कोरड्या मोरींतून आंत ओढले जात.

ट्रॅप रिकामा होण्याचीं आणखी दोन कारणें विद्यार्थ्यांना घरीं प्रयोगानें पाहतां येतील. एक पेला पाण्यानें भरा, दुसरा रिकामा त्याच्या शेजारीं थोडा खालीं ठेवा, व ओल्या चिंधीचें एक टोंक भरलेल्या पेल्यांत व दुसरें रिकाम्यांत सोडा. सकाळपर्यंत बरेंच पाणी चिंधीवाटे पलीकडे गेलेलें आढळेल. ट्रॅपच्या कांठावर अडकलेला केंसांचा गुंतवळा हेंच काम करतो. दुसरें कारण वक्रनलिकेचें, म्हणजे सायफनचें. भरलेलें बेसिन एकदम सोडलें तर जाणारें पाणी मागचेंहि ओढून नेतें व शेवटीं ‘गळगळ’ असा आवाज होतो. तें टाळण्याकरितां सांडपाण्याच्या नळीस छपरापर्यंत नेलेली हवेची नळी जोडलेली असते. तळघरांत मागाहून केलेल्या न्हाणीघरास ती पुष्कळदां नसतेच. दर वेळीं गळगळ ऐकूं येत असेल तर दोष तेथेंच शोधावा. मात्र ती नळी नव्यानें घालणें हें कारागिराचें काम आहे.

बेसिनचा ट्रॅप तुंबला किंवा गळूं लागला तर तो स्वतः काढतां येतो. खालीं बादली ठेवावी, दोन्ही बाजूंच्या चाक्या सैल कराव्या, वांक उतरवावा, आंतील केंस व साबणाचा गाळ तारेनें काढावा. रबराची कडी कडक झाली असल्यास त्याच मापाची नवी घालावी. चाकी हातानें घट्ट करून मग पान्यानें फार तर पाव फेरा द्यावा. जोर केल्यास ती तडकते, आणि नवशिक्यांचीं बहुतेक कामें जोरानेंच बिघडतात. तुंबलेल्या नळींत दाहक पूड ओतण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ती पूड वांकांत साचते, व पुढें जो ट्रॅप उघडील त्याच्या हातांवर व डोळ्यांत उडते.

टपटपणाऱ्या तोटीची गोष्ट याहून सोपी. सुमारें चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर सेकंदास एक थेंब या मानानें दिवसांत ८६,४०० थेंब, म्हणजे एकवीस लिटरांहून अधिक पाणी जातें. जुन्या पद्धतीच्या तोटींत दोष बहुधा वायसराचा असतो. प्रथम पाठीमागचा मुख्य नळ बंद करावा. मग तोटी उघडून सांचलेलें पाणी जाऊं द्यावें. मोरीच्या तोंडावर फडकें टाकावें, नाहीं तर लहानसा स्क्रू आंत गेलाच म्हणून समजावें. डोकें उघडून झिजलेला वायसर बदलावा. नवा घालूनहि थेंब थांबला नाहीं, तर ज्या पितळी बैठकीवर वायसर बसतो ती खरवडली गेली आहे असें समजावें.

जुन्या घरांत खरी सावधगिरी लागते ती नळ्यांबाबत. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी आंतून गंजते, व गंज भरत जाऊन पाण्याची वाट पेन्सिलीएवढी उरते. अशी नळी फिरवितांना एका पान्यानें ती धरून ठेवावी व दुसऱ्यानें जोड फिरवावा; नाहीं तर भिंतीच्या आंतील गंजलेला आटा तुटतो आणि दहा मिनिटांच्या कामाला आठ दिवस लागतात. लोखंडाला तांब्याची नळी सरळ जोडूं नये. ओलाव्यांत दोन धातु मिळाल्या कीं, विजेच्या घटाप्रमाणें क्रिया सुरू होऊन लोखंड लवकर खाल्लें जातें. मध्यें पितळेचा तुकडा घालावा. आणखी एक नळी ओळखतां आली पाहिजे, ती शिशाची. रस्त्यावरून तळघरांत येणारी नळी नाण्यानें हलकेच खरवडावी. आंत मऊ, रुप्यासारखी चकाकी दिसली व लोहचुंबक चिकटला नाहीं, तर ती शिशाची होय. शिकागोंत तर घरापर्यंतची नळी शिशाचीच असावी असा नियमच होता. १८८६ नव्हे, १९८६ सालीं सबंध देशाच्या कायद्यानें तशा नव्या नळ्या बंद झाल्या. अशा नळींतलें पाणी उकळून शिसें जात नाहीं, व लहान मुलांच्या मेंदूस तें विशेष घातक आहे. येथें पाना खालीं ठेवावा, पाणी तपासून घ्यावें व नगरपालिकेस कळवावें.

पावसाचें संकट निराळें. शिकागोच्या जुन्या गटारांत पावसाचें पाणी व मैला एकाच नळांतून जातो. मोठा पाऊस झाला कीं गटार भरतें, आणि पाणी आपली पातळी साधतें या नियमानें तें तळघराच्या मोरींतून उलट वर येतें. कांहीं लोक मोरीच्या तोंडांत हातभर उंचीची उभी नळी बसवितात. पाणी तिच्यांत चढतें व जमिनीवर पसरत नाहीं. युक्ति चांगली, परंतु तळघरांत न्हाणी व शौचकूप असेल तर तीं तोंडें त्या नळीहून खालीं असतात, व पाणी तेथून वर येतें. तेथें एकाच दिशेनें उघडणारी झडप मुख्य नळावर बसवावी लागते, आणि तें काम परवाना घेऊन कारागिराकडूनच करवावें. झडप बंद असतां घरांतील सांडपाणीहि बाहेर जाऊं शकत नाहीं. म्हणून पाऊस ओसरेपर्यंत वरच्या मजल्यावर कोणी स्नानास बसूं नये.

कोणतीहि दुरुस्ती झाल्यावर मुख्य नळ हळूहळू उघडावा, बेसिन पूर्ण भरून सोडावें, आणि जोडाखालीं वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरून ठेवावा. रात्रभरांत एक थेंब जरी पडला तरी सकाळीं कागदावर त्याचें वर्तुळ उमटलेलें दिसतें.