गरम इंजिनाची चढलेली रेस: भाच्यास पत्र



भाच्याने तक्रार नेमकी लिहिली, त्यामुळे मामाचे निम्मे काम वाचले. ताईच्या घरची 1997ची मारुती 800 सकाळी चोक ओढला की चटकन सुरू होते, चोक आत ढकलला की शहाण्यासारखी चालते. पण तीन-चार किलोमीटर गेल्यावर सिग्नलला उभी केली की रेस चढलेलीच राहते. गॅरेजमध्ये आयडलचा स्क्रू सैल करून रेस उतरवून दिली. दुसऱ्या दिवसापासून गाडी सकाळी बंद पडू लागली. या दुसऱ्या तक्रारीतच पहिलीचे उत्तर दडलेले आहे: रेस चढण्याचे कारण होते तिथेच राहिले आणि चांगला असलेला स्क्रू मात्र बिघडवला गेला. हा दोष गाडीच्या घडणीचा नव्हे, वयाचा आहे. त्यामुळे कार्बोरेटर बदलायची घाई करू नये.

ही गाडी डिसेंबर 1983मध्ये रस्त्यावर आली. 796 सीसी, तीन सिलिंडर. 2000च्या सुमारास कडक प्रदूषण-नियम आले आणि तिच्यात एमपीएफआय, म्हणजे संगणकाने चालणारे पेट्रोल-इंजेक्शन, आले. त्याआधीच्या गाडीत आयडलिंग सांभाळणारा संगणक नाही. कार्बोरेटरमधला बटरफ्लाय (हवेची झडप) किती उघडा, हवा किती आत, ठिणगी कधी, एवढ्यावर सगळे चालते. म्हणून शिकणाऱ्या पोराला असे इंजिन फार चांगले: प्रत्येक कारण डोळ्यांना दिसते आणि बोटांना कळते.

मूळ गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पेट्रोल इंजिन आयडलिंगला किती फिरणार, हे आत किती हवा जाते त्यावर ठरते. रेस जास्त म्हणजे हवा कुठून तरी जास्त जाते आहे, किंवा टायमिंग पुढे गेले आहे. गार इंजिनात तेल घट्ट असते आणि पेट्रोलचा काही भाग थंड मॅनिफोल्डच्या भिंतींवर ओला राहतो. म्हणून जादा हवा असली तरी तिचा परिणाम झाकला जातो. इंजिन तापले की तेल पातळ होते, मिश्रण नीट जळते आणि तेवढ्याच उघडलेल्या बटरफ्लायवर रेस वर जाते. यासाठी आयडल नेहमी इंजिन पूर्ण तापवून, चोक पूर्ण आत आणि दिवे-एसी बंद ठेवून मोजावे. या वर्गाच्या गाड्यांना बहुधा मिनिटाला 800 ते 950 फेऱ्यांच्या आसपासचा आकडा लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. डॅशबोर्डवर टॅकोमीटर नसला तर प्लगच्या वायरला लावायचा मीटर मिळतो. कानावर विसंबू नये.

पहिली तपासणी बोटाने. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, दार-खिडक्या उघड्या असलेल्या जागेत. बोनेट उघडून थ्रॉटलचा लिव्हर बंद होण्याच्या दिशेने हलकेच दाबावा. रेस उतरली, तर बटरफ्लाय पूर्ण मिटत नाही हे कळले. मग ॲक्सिलरेटर केबलला थोडा सैलपणा आहे का, रिटर्न स्प्रिंग ढिली झाली आहे का, पेडलखाली चटई अडकते का, हे पाहावे. चोकची केबल परत येताना अडते का आणि तिच्याबरोबर थ्रॉटल किंचित उघडणारा कॅम मळाने चिकटला आहे का, हेही पाहावे. एसी असलेल्या गाडीत एसी लावल्यावर रेस उचलणारा डायाफ्राम असतो. एसी बंद केल्यावर तो जागेवर येतो ना, हे तपासावे.

लिव्हर दाबूनही रेस उतरली नाही, तर हवा बटरफ्लायच्या खालून शिरते आहे असे धरावे.

इथे खरी गंमत आहे आणि इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग, त्याखालचा इन्सुलेटर, मॅनिफोल्डचे पॅकिंग, टायमिंग ॲडव्हान्सचा व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टर असल्यास त्याचा पाइप, क्रँककेसच्या वाफेचा पाइप: पंचवीस वर्षांत यातले रबर कडक होऊन तडकते आणि तडा गरम झाल्यावर उघडतो. एकेक पाइप चिमटीत दाबून पाहावा. रेस बदलली तर चोर सापडला. सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. गळती असेल तिथे पाणी क्षणभर भोक बुजवते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी मात्र कोरड्या ठेवाव्यात. काही जण सिरिंजने पेट्रोल शिंपडून हीच परीक्षा घेतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते कधीही करू नये. मामाची ही आज्ञा समजावी.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर आणखी बरे. निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे साधारण 17 ते 21 इंच दाखवते आणि काटा स्थिर राहतो. उंचीवर हा आकडा दर 1,000 फुटांमागे सुमारे एक इंचाने घटतो. म्हणून महाबळेश्वरला चार-साडेचार इंच कमी दिसले तर घाबरू नये, पण मुंबईत तेवढे कमी दिसले तर गळती शोधावी.

एक खूण विशेष. गळती काढायच्या नादात कार्बोरेटरचे नट कचकचून आवळले जातात. त्याने बुडाची पट्टी वाकते आणि नवे पॅकिंगही बसत नाही. कार्बोरेटर काढल्यावर बुडावर सरळ स्टीलची पट्टी ठेवून उजेडाची फट दिसते का पाहावे. नट आलटून पालटून, थोडे थोडे, मॅन्युअलच्या मापानेच आवळावेत.

थ्रॉटलच्या स्पिंडलला खेळ आला असेल, तर तिथूनही हवा जाते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे. टायमिंग लाइटने टायमिंगही पाहावे; पिकअप वाढावा म्हणून कुणी डिस्ट्रिब्युटर फिरवला असेल तर रेस वर जाते.

हे सगळे झाल्यावरच स्क्रूला हात लावावा. मिक्स्चर स्क्रू आत-बाहेर केला आणि इंजिनात काहीच फरक पडला नाही, तर बटरफ्लाय अजून जास्त उघडा आहे असे समजून पुन्हा मागे यावे. फरक पडत असेल, तर इंजिन सर्वांत सुरळीत चालेल तिथे तो आणावा, मग आयडल स्क्रूने आकडा बसवावा, आणि हे दोन्ही पुन्हा एकदा करावे. शेवटी पीयूसी केंद्रावर जाऊन आयडलिंगचा कार्बन मोनॉक्साइड मोजून घ्यावा. अशा जुन्या पेट्रोल गाडीसाठी मर्यादा 3 टक्के आहे. आकडा त्याच्या बऱ्याच खाली आला तर काम नीट झाले.

या रविवारी लिव्हर दाबून आणि पाइप चिमटून पाहावे. कुठल्या पाइपला रेस बदलली आणि किती, ते वहीत लिहून पाठवावे. तोवर कार्बोरेटर किट मागवू नये. ताईस नमस्कार.

कळावे,
मामा