काटा साठावर, पण गाडी?

जुन्या फियाट किंवा अँबॅसडर मोटारीचा काटा ६० दाखवतो, तेव्हा गाडी खरोखर ताशी ६० किलोमीटर धावत असते का? हे तपासण्यास एक घड्याळ आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरतात.

प्रथम वेगमापकाची रचना पाहू. गिअरपेटीतून निघालेली केबल चाकांच्या गतीच्या प्रमाणात एक चुंबक फिरवते. चुंबकाजवळ, पण त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत आवर्त प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला अडवते. दोहोंचा तोल साधतो तेथे काटा थांबतो. ओटो शुल्त्से या जर्मन तंत्रज्ञाने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. त्याच केबलवर दातेरी चाकांनी अंतरमापकही चालतो, हे लक्षात ठेवा.

आता प्रयोग. मोकळ्या रस्त्यावर चालकाने काटा ६० वर स्थिर ठेवावा. घड्याळ मात्र शेजारी बसलेल्याने पाहावे. पाच किलोमीटरांचा वेळ मोजावा, म्हणजे घड्याळ दाबण्यातील एका सेकंदाची चूक ३०० सेकंदांत विभागली जाते. समजा, ३२० सेकंद लागले.

खरा वेग = ५ × ३६०० ÷ ३२० = ताशी ५६.२५ किलोमीटर.

म्हणजे काटा सुमारे ७ टक्के जास्त दाखवतो. दोष कोठे? या प्रवासात अंतरमापक बरोबर ५ किलोमीटर पुढे सरकला असेल, तर चाके निर्दोष. दोष चुंबक, स्प्रिंग किंवा काट्यात आहे. तो ५.३ सरकला असेल, तर टायर मूळ मापापेक्षा लहान आहेत. (३० सेंटिमीटर त्रिज्येचे चाक ६ मिलिमीटर झिजले तर २ टक्के फरक पडतो.) गाडी उभी असताना काटा शून्यावर येत नसेल, तर ती व्हर्निअरसारखी शून्य त्रुटी होय.

उलट चूक अधिक घातक. काटा ६० वर आणि खरा वेग ७० असेल, तर गतिज ऊर्जा १.३६ पट होते. ब्रेक लागल्यावर थांबण्यास ३६ टक्के जास्त अंतर लागते.

टायर योग्य मापाचे बसवावेत. मापकातील दोष जाणकार कारागिराकडून काढावा. तोवर ४०, ५० आणि ६० चे खरे वेग मोजून त्यांचा तक्ता काट्याशेजारी चिकटवावा.

स्वाध्याय : काटा ५० वर ठेवला असता ५ किलोमीटरांना ३४० सेकंद लागले, अंतरमापक ४.७ सरकला. खरा वेग किती? दोष कोठे?